धक्का कोयनेचाच कशावरून?

निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात रात्री खिडक्यांची तावदाने थरथरली आणि मांडणीवरची भांडी वाजली, की बहुतेक घरांत पहिले वाक्य उच्चारले जाते ते ‘कोयनेला झाला असणार’ हेच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपापासून हा अंदाज आपल्या तोंडी बसला आहे. तो निराधार नाही. पण भूकंप कोठे झाला हे शास्त्रज्ञ ठरवतात ते घड्याळ पाहून.

जमिनीखालचा खडक जेथे तुटून सरकतो, त्या नाभीपासून दोन प्रकारच्या लहरी एकाच क्षणी निघतात. प्राथमिक लहरी खडकाला पुढेमागे दाबत सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने धावतात, तर खडकाला आडवे हलवणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात. भांड्यांची हलकी किणकिण आधी आणि जोराचा हिसका नंतर, हा अनुभव याच क्रमामुळे येतो. भूकंपमापकाच्या आलेखावर या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून दाखवून दिले.

दोन्ही लहरींच्या आगमनातील फरक सेकंदांत मोजून त्याला साधारण 8.4 ने गुणले, की नाभीपर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. निपाणीपासून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे 130 किलोमीटर आहे, म्हणजे तेथे हा फरक पंधरा-सोळा सेकंदांचा भरेल. बेळगावात, सुमारे 190 किलोमीटरवर, तो 22 ते 23 सेकंदांपर्यंत जाईल. मात्र एका ठिकाणच्या या फरकावरून केवळ अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीभोवती नकाशावर तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढतात आणि किमान तीन वर्तुळे जेथे मिळतात तेथे भूकंपाचे केंद्र मानतात.

पाठ्यपुस्तकातील आकृती येथे संपते. खरी गोम मात्र पुढे आहे. समजा, निपाणी, बेळगाव आणि खानापूर येथेच तीन यंत्रे बसवली. ही गावे जवळजवळ एका रेषेत असल्यामुळे तिन्ही वर्तुळे एकाऐवजी दोन ठिकाणी मिळतील: एक कोयनानगरला, आणि दुसरे आरशातील प्रतिमेप्रमाणे रेषेच्या पलीकडे, माण-खटावच्या दुष्काळी टापूत. या दोहोंतील खरे कोणते, हे या तीन यंत्रांनी मोजलेल्या फरकांवरून सांगणे जवळजवळ अशक्य. रत्नागिरीची एक नोंद मिळाली तर प्रश्न सुटतो, कारण तेथून कोयना सुमारे 65 किलोमीटरवर आहे आणि माण-खटावचा तो बिंदू दीडशेवर; पहिल्या ठिकाणी भूकंप झाला असेल तर फरक आठ सेकंदांचा येईल, दुसऱ्या ठिकाणी अठराचा. यंत्रांची संख्या वाढवण्यापेक्षा ती भूकंपाच्या चहूबाजूंना असणे अधिक मोलाचे, ते यामुळेच. सीमाभागातील भूकंपासाठी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशा तिन्ही बाजूंच्या नोंदी लागतात. लहरींना सीमावाद ठाऊक नसतो.

प्रत्यक्षात वर्तुळे आता हाताने काढली जात नाहीत. अक्षांश, रेखांश, खोली आणि सुरुवातीची वेळ या चार अज्ञात राशींचा आधी एक अंदाज धरला जातो, त्यावरून प्रत्येक नोंदणी केंद्रावर लहरी कधी पोहोचायला हव्या होत्या हे काढले जाते, आणि प्रत्यक्ष नोंदीशी पडणारी तफावत शक्य तितकी कमी होईपर्यंत अंदाज पुन्हा पुन्हा सरकवला जातो. ही रीत लुडविग गायगर यांनी 1910 मध्ये मांडली. आज संगणक ती क्षणार्धात पार पाडतो.

चौघांत सर्वांत हट्टी राशी म्हणजे खोली. नोंदणी केंद्रे दूर असतील तर नाभी थोडी खोल गेली काय आणि भूकंप थोडा आधी सुरू झाला काय, आगमनाच्या वेळा जवळपास सारख्याच पडतात. अशा वेळी कित्येक संस्था खोली 10 किलोमीटर गृहीत धरून उरलेले गणित सोडवतात. बातमीत ‘खोली 10 किलोमीटर’ असे वाचायला मिळाले, तर तो आकडा मोजलेलाच असेल असे नाही.