बबल चालू असताना ब्रेक का लागत नाही? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"ब्रेक दाबला तरी यान थांबत नाही, ड्राइव्ह गेला वाटतं" अशी तक्रार घेऊन जी यानं आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांचा ड्राइव्ह एकदम ठणठणीत असतो.

आपला ड्राइव्ह, म्हणजे प्रकाशापेक्षा जोरात नेणारं यंत्र, यानाला ढकलत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आणि जागेतून जाताना तो ओलांडता येत नाही, हा नियम आपणही मोडत नाही. ड्राइव्हची कॉइल निगेटिव्ह (शून्यापेक्षा कमी) एनर्जीने यानाभोवती एक बबल तयार करते, पुढची जागा आकसते, मागची पसरते, आणि आतलं यान जागच्या जागीच असतं, सतरंजीवर बसलेल्या माणसाला सतरंजीसकट ओढावं तसं. मूळ गणित १९९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी मांडलेलं. म्हणूनच आत धक्का बसत नाही आणि घड्याळही बाहेरच्यासारखंच चालतं, तेव्हा प्रवासात तरुण राहू या आशेने कोणी तिकीट काढू नये.

आता ब्रेकचं. बबल प्रकाशापेक्षा जोरात जातोय आणि तुमचा सिग्नल जाणार प्रकाशाच्याच वेगाने, मग तो बबलच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचणार कसा? पोचतच नाही. बबल किती वेळ टिकणार हे निघतानाच कॉइलच्या चार्जवर ठरतं, मुदत संपली की तो आपोआप विरतो. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं, प्रकाशाच्या दहापट वेगाने साधारण पाच महिने, तेवढा चार्ज भरायचा आणि गप्प बसायचं. पण लोक घाबरून ब्रेक दाबत राहतात, स्टीअरिंग फिरवतात, त्या सगळ्या कमांड कंट्रोलरमध्ये साठतात आणि बबल विरला रे विरला की एकदम लागू होतात, यान गरगर फिरतं, कंट्रोलर लॉक होतो आणि मग रीसेट, कॅलिब्रेशन, तपासणी, यात तुमचा मुक्काम आमच्याकडे वाढतो.

म्हणून आम्ही स्टीअरिंगला लॉक बसवूनच देतो. "माझ्या यानाला लॉक लावणारे तुम्ही कोण" असं ऐकावं लागतं, काहीजण दुसरीकडे जाऊन तो काढूनही आणतात. यान तुमचं आहे, हरकत नाही, पण लॉक काढलेल्या कंट्रोलरची वॉरंटी आम्ही देत नाही आणि देणारही नाही.

अजून एक, मार्ग आखताना नाक थेट स्टेशनवर रोखू नका. वाटेत सापडलेले कण बबलच्या पुढच्या भिंतीत साठतात आणि बबल विरताना प्रचंड एनर्जीने सरळ पुढे सुटतात, समोर कोणी असेल तर त्याचं काही खरं नाही. बाजूच्या मोकळ्या जागेकडे निशाणा धरा, उरलेलं अंतर साध्या इंजिनवर काटा, थोडा वेळ जातो, जाऊ दे.

चार्जचा हिशोब स्वतः जमत नसेल तर सर्व्हिसिंगला येताना मार्गाची फाइल घेऊन या, कॉइल तपासतानाच मोजून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त निघायच्या दिवशी आणू नका, कॉइल थंड झाल्याशिवाय मोजता येत नाही.