खासदाराने कोणाला मत दिलं हे सापडत का नाही? जरा मागची गोष्ट

मागे गावी गेलो होतो, जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यात, ओट्यावर बसून कापसाच्या भावाचं चालू होतं आणि त्यावरून गाडी २०२० च्या तीन शेती कायद्यांवर गेली, तर आमचे आबा एकदम म्हणे, "ते कायदा झायात तवय आपला खासदारनी हात वर करा का नही, मोबाईलमा दखास का ते?" मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता दाखवतो. पूर्ण संध्याकाळ गेली आणि काहीच सापडलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाहीये.

सप्टेंबर २०२० मध्ये ती तिन्ही विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानाने पास झाली. २० सप्टेंबरला त्यातली दोन राज्यसभेत आली, तिथे विरोधकांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला, माइक तुटले, आणि तिथेही आवाजीच. मग वर्षभर आंदोलन चाललं आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले, तेही चर्चेशिवाय, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, परत आवाजी. म्हणजे ज्या कायद्यांवरून सगळा देश ढवळून निघाला ते आले आणि गेले, पण जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, कुठल्याच खासदाराच्या नावापुढे "हो" किंवा "नाही" अशी नोंद राहिली नाही.

आता आवाजी म्हणजे काय तर अध्यक्ष विचारतात, बाजूने असलेले "हां" म्हणा, विरोधातले "ना" म्हणा, आणि कानाला जे मोठं वाटलं ते जाहीर करतात. कोणी हरकत घेतली तर डिव्हिजन, म्हणजे मतविभागणी. मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटं थांबतात, लॉबी मोकळी करून दारं लावतात आणि प्रत्येकाचं मत नावानिशी मोजलं जातं. सुरुवातीच्या काळात हे अक्षरशः उठून लॉबीत जाऊन चालायचं, १९५७ मध्ये लोकसभेत बटणाचं यंत्र बसलं. म्हणजे पासष्टहून जास्त वर्षं बटण आहे पण ते दाबायची वेळच फार कमी येते, कारण बहुतेक विधेयकं आवाजीवरच निघतात. हुकमी नोंद मिळते ती घटनादुरुस्तीला, तिथे विशेष बहुमत लागतं म्हणून डोकी मोजावीच लागतात. महिला आरक्षणाचं विधेयक आठवतंय ना, २० सप्टेंबर २०२३, तेव्हा नव्या इमारतीत चक्क हिरव्या-लाल चिठ्ठ्यांवर मतं घेतली, ४५४ विरुद्ध २. त्या दोघांतले एक आपल्या शेजारचे, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार. तर असं नाव घेऊन सांगता येतं, पण फक्त मतविभागणी झाली तरच.

आणि झाली तरी त्यात एक मेख आहे. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा. हेतू आयाराम-गयाराम थांबवायचा होता, पण पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं तो आदेश, मोडून मत दिलं तरी खासदारकी जाऊ शकते, मग कोण कशाला मोडेल. त्यामुळे नोंद सापडली तरी ती त्या माणसापेक्षा पक्षाचीच जास्त असते, असं माझं मत. विलायतेत कॉमन्स सभागृह १८३६ पासून मतांच्या याद्या स्वतः छापतं, तिथे स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देणारे निघतात म्हणून त्या यादीला किंमत आहे, आपल्याकडे ती यादी वाचणारा मीच येडा.

मग मोजायचं काय? तर प्रश्न. प्रश्न विचारायचा हक्क बराच जुना आहे आपल्याकडे, इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात तो दिला आणि १९०९ मध्ये उपप्रश्नसुद्धा. आता लोकसभेत रोज २० तारांकित, ज्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो, आणि २३० अतारांकित, ज्यांचं नुसतं लेखी उत्तर. कोणाचा प्रश्न लागेल ते लॉटरीने ठरतं. (शेती विधेयकांच्या त्या अधिवेशनात, कोरोना म्हणून, प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं. म्हणजे तेही गेलं.)

हे मोजून लोकांपुढे ठेवायचं काम वाढलं ते २००५ नंतर. त्याच वर्षी दिल्लीत पीआरएस नावाची संस्था सुरू झाली, पुढे तिच्या साइटवर खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं असं सगळं एका पानावर यायला लागलं, निवडणुकीच्या आधी व्हॉट्सॲपवर फिरणारी ती टक्केवारीची कार्डं बहुतेक तिथूनच उचललेली असतात. ऑक्टोबर २००५ मध्ये माहितीचा अधिकार लागू झाला. आणि डिसेंबरमध्ये जे झालं ते खान्देशात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले, २३ डिसेंबरला ११ जणांना काढलं, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १. त्या १० पैकी २ आपल्या जिल्ह्यातले, एक जळगाव मतदारसंघाचे आणि एक एरंडोलचे. नावं परत घेत नाही, जुन्या लोकांना पाठ आहेत. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हकालपट्टी कायम ठेवली, आणि एरंडोल मतदारसंघ तर पुढच्या पुनर्रचनेत नकाशावरूनच गेला, त्याच वेळी रावेर आला.

म्हणून कोणी "आमच्या भाऊंनी इतके शे प्रश्न विचारले" म्हणून पोस्ट टाकली की मी आधी प्रश्न उघडून वाचतो. लोकसभेच्या साइटवर नावाने शोधलं की प्रश्न आणि उत्तर दोन्हींची पीडीएफ निघते. बऱ्याचदा एकाच प्रश्नावर चार-पाच खासदारांची नावं एकत्र असतात, तो प्रत्येकाच्या खात्यात एक धरला जातो. केळीच्या पीक विम्यावरचा एक नेमका प्रश्न आणि "योजनेचा तपशील द्यावा" छापाचे दहा, आकड्यात दुसरेच भारी दिसणार.

उलटंही होतं. रावेरच्या रक्षा खडसे जून २०२४ पासून राज्यमंत्री आहेत, मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, हजेरीच्या रजिस्टरवर सहीसुद्धा करत नाही. धुळ्याचे सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते तेव्हाही तेच. कोणी तो रिकामा रकाना दाखवून "काहीच केलं नाही" म्हणालं तर तो फसवतोय. आणि नंदुरबारचं काय सांगू, हिना गावितांना संसदेतल्या कामगिरीसाठीचा संसदरत्न पुरस्कार मिळाला, तरी २०२४ ला पडल्या, आणि त्यांच्या आधी तिथून माणिकराव गावित सलग ९ वेळा निवडून आले होते, त्यातल्या बहुतेक निवडणुकांत असला आकडा कोणी मागितलाही नसेल.

आबांना शेवटी सांगितलं की २०२० चं नाही मिळणार, २०२३ चं महिला आरक्षणाचं मिळेल. "मंग तेच दखाड," म्हणे. यादी इंग्रजीत, आडनावाप्रमाणे लावलेली, म्हणून मी एकेक नाव वाचत गेलो आणि ते मान हलवत बसले, पाटील आडनावापाशी पोचलो तोपर्यंत चहा गार झालेला.