घोरण्याचं अ‍ॅप वापरताना : आकडा नंतर बघा, आधी ऐका

झोपेची तपासणी करून घ्यायला किंवा सीपॅपचा (झोपेत हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क बदलायला आमच्याकडे येणारे बरेच जण हल्ली आधी मोबाइल पुढे करतात. कुणी स्कोअर बघून घाबरलेलं असतं, तर कुणी "मागच्या आठवड्यापेक्षा कमी आलाय, मग तपासणी कशाला?" असं विचारतं. दोघांनाही आम्ही एकच विचारतो : रेकॉर्डिंग ऐकलंत का? बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. सकाळी आकडा बघायचा आणि अ‍ॅप बंद करायचं, एवढाच त्यांचा वापर. घोरण्याचं अ‍ॅप ही कामाची गोष्ट आहे असं आमचं ठाम मत आहे, पण तिचा खरा उपयोग त्या साठवलेल्या आवाजात आहे. तो आवाज नीट कसा मिळवायचा आणि त्यात काय शोधायचं, यासाठी हे पत्रक.

फोनला काय कळतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ, जिभेची मागची बाजू आणि घशाच्या भिंती यांच्यामधली वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना हे मऊ भाग थरथरतात आणि आपण घोरतो. फोनचा माइक रात्रभर ऐकत राहतो, अ‍ॅप त्यातले घोरण्यासारखे आवाज वेगळे काढतं, किती वेळ आणि किती मोठ्याने याचा आलेख मांडतं. स्नोअरलॅबसारखी अ‍ॅप्स त्यावरून स्कोअर देतात. प्रत्येक अ‍ॅपची मोजायची रीत वेगळी, म्हणून एका अ‍ॅपचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

आता मुख्य गोष्ट. घशातली वाट अरुंद न राहता पूर्ण मिटली, तर हवाच जात नाही. मग थरथर नाही आणि आवाजही नाही. छाती-पोट श्वास घ्यायची धडपड करत असतात, पण फोनला ऐकू येते ती शांतता. घोरण्याची मिनिटं मोजणाऱ्या अ‍ॅपच्या हिशेबात ते सेकंद न घोरलेला वेळ म्हणून जमा होतात.

एक बाई पतीचं रेकॉर्डिंग घेऊन आल्या होत्या. स्कोअर फारसा वाईट नव्हता. आम्ही पहाटेचा एक तुकडा लावला. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि एकदम तुटलं. काहीच ऐकू येईना. आम्ही घड्याळावर सेकंद मोजत होतो, अठ्ठावीस झाले. मग घशातून मोठा खर्रर्र आवाज, धाप, आणि पुन्हा घोरणं सुरू. बाई म्हणाल्या, "रोज असंच होतं. मला वाटायचं, तेवढ्यात तरी यांना गाढ झोप लागली." त्या दोघांना आम्ही त्याच दिवशी झोपेच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

झोपेत 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास बंद पडला तर मोठ्या माणसांमध्ये त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्ण बंद न पडता श्वास उथळ झाला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर ते हायपोप्निया. तासाला दोन्ही मिळून किती वेळा होतं, तो आकडा डॉक्टर बघतात : 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. नुसत्या आवाजावरून हा आकडा खात्रीने काढता येत नाही. त्यासाठी नाकाशी हवेचा प्रवाह, छातीवर पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर लागतो. घरी करायच्या तपासणीत एवढं असतं, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीत याशिवाय मेंदूचे, डोळ्यांचे आणि स्नायूंचे संकेतही नोंदले जातात. म्हणून अ‍ॅपवर "अ‍ॅप्नियाचा धोका नाही" असं दिसलं तरी त्यावर विसंबू नका.

फोन कुठे आणि कसा ठेवायचा

उशीखाली अजिबात नको. आवाज दबतो, आणि चार्जरला लावलेला फोन उशी-पांघरुणाखाली तापतो. डोक्याच्या उंचीला, हाताच्या अंतरावर, टेबलावर किंवा स्टुलावर ठेवा, माइकची बाजू झोपणाऱ्याकडे. एकदा ठरवलेली जागा बदलू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. खोलीत भिंतींमुळे फरक थोडा कमी पडतो, पण पडतो. काल फोन उशाशी आणि आज खिडकीत असेल, तर "घोरणं कमी झालं" या म्हणण्याला काही आधार उरत नाही. फोन हा ध्वनिमापक नाही, त्यामुळे अ‍ॅपवरचे डेसिबल फक्त स्वतःच्याच आदल्या रात्रींशी तुलना करण्यापुरते धरा.

फोन रात्रभर चार्जिंगला असू द्या, एअरप्लेन मोड लावा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली तर अँड्रॉइड फोन मध्यरात्री अ‍ॅप बंद पाडतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला सूट द्या. सकाळी दोनच तासांचं रेकॉर्डिंग मिळाल्याची तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. अ‍ॅपमध्ये पूर्ण रात्र साठवण्याची सोय असेल तर ती निवडा. फक्त मोठे आवाज साठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मधली शांतता गळून जाते, आणि आपल्याला तीच हवी आहे. 64 केबीपीएसने साठवलं तर आठ तासांना साधारण 230 एमबी जागा लागते.

किती रात्री

एका रात्रीवरून काही ठरवू नका. सर्दी, थकवा, मद्य, झोपण्याची कूस, यातल्या प्रत्येकाने घोरणं बदलतं. आधी सात रात्री काहीही न बदलता नोंद घ्या. नंतर एका वेळी एकच बदल : एक आठवडा कुशीवर झोपून, पुढचा आठवडा मद्य पूर्ण बंद ठेवून. नाकाची पट्टी, नवी उशी आणि कूस बदलणं हे तिन्ही एकाच रात्री केलं, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळू मागे झुकतात, त्यामुळे बऱ्याच जणांना कुशीवर झोपून खरोखर फरक दिसतो. अ‍ॅपने झोप खराब दाखवली म्हणून मनाने झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

घोरणं कमी करणाऱ्या उपायांनी आवाज जातो, पण श्वास बंद पडणं तसंच राहू शकतं. टाळूची शस्त्रक्रिया किंवा दातांवर बसवायचं साधन वापरल्यावर अ‍ॅपवर रात्र शांत दिसली, तरी डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी टाळू नका.

ऐकायचं कसं

सगळी रात्र ऐकायची गरज नाही. आलेखात जिथे उंच शिखरं एकामागून एक येतात आणि मध्ये सपाट खड्डे दिसतात, तिथली पाच-दहा मिनिटं इअरफोन लावून ऐका. पहाटेचा भाग वगळू नका, स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात. एकसारखं, श्वासाच्या लयीत चालणारं घोरणं वेगळं. चढत जाऊन तुटणारं, मग 10 सेकंदांहून जास्त शांतता, मग गुदमरल्यासारखा झटका, असा नमुना वारंवार ऐकू आला तर वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. पंख्याची घरघर किंवा शेजारी झोपलेल्याचं घोरणंही अ‍ॅप तुमच्या खात्यावर टाकू शकतं; आवाज कुणाचा, हे घरच्यांना विचारून खात्री करा.

शेजारी झोपणाऱ्याला रेकॉर्डिंगची कल्पना द्या, त्यांचं बोलणंही त्यात येतं. आवाज फोनमध्येच राहतो की कंपनीच्या सर्व्हरवर जातो, हे अ‍ॅप घेण्याआधी वाचा.

घड्याळांबद्दल

मनगटी घड्याळांचं तंत्र वेगळं आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2024 मध्ये सॅमसंग आणि अ‍ॅपल या दोन्ही कंपन्यांच्या घड्याळांतल्या अ‍ॅप्नियाच्या सोयीला परवानगी दिली. सॅमसंगचं घड्याळ रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार बघतं, अ‍ॅपलचं मनगटाच्या बारीक हालचालींवरून श्वासातले अडथळे ओळखतं आणि 30 दिवसांच्या नोंदींवरून सूचना देतं. दोन्ही मध्यम ते तीव्र त्रासाची शक्यता सांगण्यापुरती आहेत. सूचना आली तर तपासणी करा, आणि सूचना न आल्यामुळे तपासणी टाळू नका.

सीपॅप वापरणाऱ्यांसाठी

मास्क लावूनही रेकॉर्डिंगमध्ये घोरणं ऐकू येत असेल तर ते आम्हाला जरूर ऐकवा. मास्कच्या कडेने हवा गळत असेल, झोपेत तोंड उघडत असेल किंवा दाब कमी पडत असेल. सुस्स असा सलग आवाज गळतीचा असू शकतो. मास्कच्या मापाचं आणि पट्ट्यांचं आम्ही बघू. दाब मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बदलायचा नाही, आम्हीही बदलत नाही.

अ‍ॅपची वाट बघू नका, जर...

गाडी चालवताना पेंग येत असेल, घरच्यांनी श्वास थांबताना पाहिलं असेल, रोज सकाळी डोकं दुखत असेल किंवा औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर आठवडाभराच्या नोंदी जमवत बसू नका. पेंग येत असेल तोवर गाडी चालवू नका. लहान मूल रोज घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत झोपत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ ही नेहमीची कारणं आहेत. गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं घोरणंही डॉक्टरांच्या कानावर घाला. काही जणांना, विशेषतः बायकांना, ठळक घोरण्याऐवजी दिवसभराचा थकवा आणि तुटक झोप एवढंच जाणवतं. त्यांच्या बाबतीत अ‍ॅपची पाटी कोरी राहू शकते.

येताना काय आणाल

ज्या तुकड्यांवर तुम्ही खूण केली आहे असे दोन-तीन आणि त्यांची वेळ. स्कोअरचे पंधरा स्क्रीनशॉट नकोत. सोबत दिवसा किती पेंग येते हे विचारणारी एपवर्थ प्रश्नावली भरून आणा. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये प्रसिद्ध केली. आठ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली तर दिवसा येणारी पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. कोऱ्या प्रती आमच्याकडे ठेवलेल्या आहेत. जमलं तर शेजारी झोपणाऱ्यांनाही बरोबर आणा. फोनला न दिसणारी छातीची धडपड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.