ब्रेकचं दुखणं पायाला आधी कळतं

ब्रेकची तक्रार आली की पहिला संशय पॅडवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर जातो. पॅड बदलले जातात आणि आठवडाभरात पेडल पुन्हा खोल जायला लागतं. पॅड झिजतात हे खरं, पण ब्रेकचं काम दोन गोष्टींवर चालतं. पायाचा दाब चाकापर्यंत पोचला पाहिजे आणि चाकाशी तयार झालेली उष्णता बाहेर पडली पाहिजे. बिघाड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे पेडलच्या वागण्यावरून बरंचसं ओळखता येतं.

उष्णता किती, तर १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तेव्हा तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा असते. जोरात ब्रेक मारून ती थांबवली, की यातली बहुतेक ऊर्जा डिस्क (चाकासोबत फिरणारी धातूची चकती) आणि तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये उतरते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी सहज उकळेल. लांब उतारावर तर हे पुन्हा पुन्हा होत राहतं.

पेडल स्पंजी लागत असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता सर्वात जास्त. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडे आकसण्यातच संपतो. पेडल भराभर दोन-तीन वेळा मारल्यावर ते वर आणि कडक येत असेल, तर हा संशय पक्का धरायला हरकत नाही. मात्र मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील आणि ड्रम व त्याला आतून घासणाऱ्या लायनरमधलं अंतर वाढलं असेल, तरीही पेडल असंच वागतं.

याचा एक फसवा प्रकार आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर उतारावर तापला की त्यातलं असं जुनं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल एकदम तळाला जातं. गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत सगळं थंड होतं, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. म्हणून पेडल नेमकं कधी खाली गेलं, हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. उतारावर पेडल कडकच राहिलं पण गाडी थांबेना, तर ऑइल नव्हे, पॅड तापून पकड सुटली आहे.

सिग्नलला हलका पाय ठेवून उभं असताना पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर ऑइलची पातळी पाहा. पातळी घटली असेल तर गळती बाहेर कुठेतरी आहे. घटली नसेल तर पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर थकलेत आणि ऑइल आतल्या आत मागे येतंय. दोन्ही परिस्थितींत गाडी चालवू नका, ओढून न्या.

उलट पेडल सुरुवातीपासूनच दगडासारखं लागतंय? इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पायाखाली ते किंचित खाली गेलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक आहे.

मला सर्वात रंजक वाटतो तो सोडल्यावरही न सुटणारा ब्रेक. बहुतेक कॅलिपरमध्ये पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. दाब आला की ती मुरडते, दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा हालचालीवर चाक मोकळं फिरतं. पिस्टन गंजला किंवा कॅलिपरच्या पिना सुकल्या, की पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते. पण हेच लक्षण कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी होज पाइपमुळेही दिसतं. जुना पाइप आतून फुगतो, ऑइल पुढे जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. फरक ओळखायला जाम चाक जॅकवर घेऊन कॅलिपरचा निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करतात. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब अडकला होता, म्हणजे दोष पाइपकडे. नाहीच सुटलं तर कॅलिपर उघडायचा. नंतर ऑइलमध्ये शिरलेली हवा काढून घ्यायला विसरू नये.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं तेव्हा ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका फरकही हाताला जाणवतो. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर, गंजाचा पापुद्रा ठेवून वर नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी फिरते, प्रत्येक फेरीत एकाच जागी घासली जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. डिस्क बदलून घेताना हब घासून साफ केलाय का, ते चाक चढवण्याआधी स्वतः पाहून घ्या.