लक्षद्वीपचा परवाना: सुरुवात आपल्याच पोलीस ठाण्यातून

मराठवाड्यात डोळे भरून पाणी बघायचं तर नाथसागर, आणि पोहायला शिकायचं तर विहीर. त्यामुळे बेटावर जाऊन स्नॉर्कलिंग (नळीतून श्वास घेत पाण्याखाली बघणं), कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं), जमलंच तर स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी) असा बेत निघाला की घरातून पहिला प्रश्न येतो, "पोहता येत नसलं तर?" चालतं. लक्षद्वीपचं लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं उथळ, शांत पाणी. लाइफ जॅकेट घालून नुसतं तरंगलं तरी खाली मासे दिसतात. माणूस अडतो तो कागदावर. आणि ते कागद गोळा करायची सुरुवात जिथून जहाज सुटतं त्या कोचीत नाही, तुमच्या परभणी-लातूर-जालन्यातच करावी लागते.

लक्षद्वीप भारतातच आहे, तरी तिथले रहिवासी नसलेल्या भारतीयांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो. 1967 पासूनचा हा नियम आहे. 36 बेटं, त्यातल्या 10 बेटांवर वस्ती आणि सगळी मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. आपल्याकडं एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढीच. शिवाय तिथले बहुतेक मूळ रहिवासी अनुसूचित जमातीचे. तेव्हा कोण येतं-जातं याची नोंद प्रशासन ठेवतं, यात मला तरी काही गैर वाटत नाही.

परवान्यासाठी सगळ्यात वेळ खाणारा कागद म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून भरता येतो. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या महा ई-सेवा केंद्रात जा. फोटो, सही, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा स्कॅन करून जोडावा लागतो. अर्ज तुमच्या हद्दीच्या ठाण्याकडं चौकशीला जातो, तिथं मूळ कागद घेऊन बोलावणं येऊ शकतं. चौकशी झाली की प्रमाणपत्र पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळतं, छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयातून. कारण विचारतील तिथं "लक्षद्वीप प्रवेश परवाना" असं स्पष्ट लिहा. पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स वेगळं असतं, ते परदेशी जाणाऱ्यांसाठी. नावं सारखी असल्यानं पुष्कळ जण तिकडंच अर्ज करून बसतात.

दुसरी अडचण नावांची. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, टीसीवर वडिलांच्या नावाचं वेगळंच स्पेलिंग, हे आपल्याकडं घरोघरी आहे. प्रमाणपत्र, परवाना आणि जहाजाचं किंवा विमानाचं तिकीट, या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा. आधारवर अजून औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर घाबरायचं कारण नाही. पण बाकी अर्जात पत्ता लिहिताना त्याच कागदावर बघून लिहा, मनानं नको.

प्रमाणपत्र हातात आलं की लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर खातं उघडायचं. बेट, तारखा, ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि चारित्र्य प्रमाणपत्र एवढं भरून ऑनलाइन पैसे. अर्जाचे 50 रुपये, शिवाय वारसा शुल्क 12 ते 18 वयाला 100 आणि त्यापुढच्यांना 200. भरण्याआधी संकेतस्थळावरचा चालू आकडा एकदा बघून घ्या. परवाना मिळाल्यावर दोन-तीन प्रती छापून ठेवा, कारण बेटावर उतरल्यावर तो पोलीस ठाण्यात दाखल करावा लागतो.

यातली खरी गोम पुढंच आहे. नुसतं "आम्हाला यायचंय" म्हणून भागत नाही. एकतर तिथला एखादा रहिवासी तुमचा प्रायोजक हवा, नाहीतर पर्यटनाच्या पॅकेजमधून जायचं. आपल्यातल्या फारच थोड्यांचे सोयरे लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीत असतील. त्यामुळे नवख्यानं सरळ पॅकेज घ्यावं असं माझं मत. प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची संस्था अशी पॅकेजं चालवते. तिच्या समुद्रम सहलीत जहाजानं कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय दिसतात. पॅकेजवाले परवान्याचं काम बघतात, पण चारित्र्य प्रमाणपत्र तुमचं तुम्हीच आणून द्यायचं. एखादा खासगी एजंट "ते आम्ही मॅनेज करतो" म्हणाला तर तिथूनच मागं फिरा.

जहाज कोचीहून सुटतं आणि बेटानुसार 14 ते 20 तास घेतं. विमानानं जायचं तर कोचीहून अगत्ती बेटावर. नांदेडकरांना हैदराबादमार्गे कोची गाठणं सोपं, संभाजीनगरकरांना मुंबईमार्गे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच कोचीत मुक्कामाला पोचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा दिवाळीची सुट्टी किंवा जानेवारी-फेब्रुवारी धरा आणि त्याआधी दीड महिना ठाण्याची पायरी चढा.

एवढी धावपळ नको असेल तर अंदमान. श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे नील, इथं भारतीयांना परवाना लागत नाही, मूळ ओळखपत्र पुरतं. आदिवासींची राखीव क्षेत्रं मात्र वेगळी. बाराटांग बेटाला जाताना जारवांच्या जंगलातून गाड्या ताफ्यानंच जातात, आधी नावांचा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि वाटेत थांबायला, फोटो काढायला बंदी आहे. हौस म्हणून सुद्धा मोबाइल बाहेर काढू नका.

स्कूबाचा एक कागद दोन्हीकडं सारखाच: आरोग्याची प्रश्नावली. वय किमान 10 हवं. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांपैकी एकालाही "हो" म्हटलं तर डॉक्टरची सही मागतात. बेटावर ती मिळवायला धावण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या डॉक्टरला निघण्याआधीच भेटा. आणि परतीचं विमान डाइव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा. प्रवाळाचा तुकडा मात्र पिशवीत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि पुढच्या वेळी त्याच चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्याच ठाण्यात जायचंय.