षट्खंडागमाचे संपादन

षट्खंडागम हा दिगंबर जैन परंपरेतला अत्यंत प्राचीन सिद्धान्तग्रंथ. भाषा शौरसेनी प्राकृत, विषय जीव आणि कर्म यांचा संबंध. वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात त्यावर लिहिलेली ‘धवला’ टीका ७२,००० श्लोकांच्या भरीची आहे. शतकानुशतके मठात राहिलेला हा ग्रंथ विसाव्या शतकात छापला गेला. भट्टारक (जैन मठाधिपती), शास्त्री, श्रावक (गृहस्थ जैन) व्यापारी आणि कॉलेजातले प्राध्यापक अशा सगळ्यांचे हात त्याला लागले.

ग्रंथाच्या जन्माची कथा धवलेतच आहे. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना आपल्याबरोबर श्रुतज्ञान (परंपरेने ऐकून जपलेले शास्त्रज्ञान) लोपेल अशी धास्ती होती. त्यांनी निरोप धाडून दोन मुनी बोलावले आणि परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक मंत्र दिला. एकात अक्षर जास्त, दुसऱ्यात कमी. साधना केल्यावर देवता प्रकटल्या, पण एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एका डोळ्याची. देवता अशा विद्रूप असत नाहीत, म्हणजे पाठच चुकला असणार, हे ओळखून दोघांनी मंत्र दुरुस्त केले. तेच पुष्पदंत आणि भूतबली, षट्खंडागमाचे कर्ते. पाठशुद्धी ही या परंपरेने बाहेरच्या विद्वानांकडून घेतलेली गोष्ट नव्हे, हे या कथेवरून ध्यानात यावे.

धवलेची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत (जैन मंदिरात), जुन्या कन्नड लिपीत होती. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, वाचन नव्हे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद या शेठांनी खटपट केल्यावर १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरिशास्त्री आणि गजपतिशास्त्री हे नकलकार. प्रती बाहेर नेण्याची मुभा नव्हती. तरीही गजपतिशास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने घरी गुपचूप एक कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपुरास गेली, तिथे तिची देवनागरी नक्कल झाली आणि मग नकलांच्या नकला आरा, कारंजा अशा ठिकाणच्या भांडारांत पोचल्या. या बाईंचे नाव क्वचितच घेतले जाते. वास्तविक पुढची सगळी इमारत त्या घरगुती प्रतीवर उभी आहे.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. फूलचंद्रशास्त्री, हिरालालशास्त्री हे परंपरेत मुरलेले पंडित सोबतीला होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य होते. १९३९ मध्ये पहिला खंड निघाला. पुढच्या वीसेक वर्षांत सोळा खंड झाले. धर्मग्रंथ छापखान्यात नेणे काहींना पाप वाटत होते. मूडबिद्रीकडून मात्र छापील खंड पाहिल्यावर सहकार्य मिळू लागले आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघता आला.

त्याचे मोल एका शब्दावरून कळते. पहिल्या खंडातले ९३ वे सूत्र ‘मनुषिणी’ म्हणजे मानवी स्त्रीच्या गुणस्थानांबद्दल, म्हणजे आत्मिक प्रगतीच्या पायऱ्यांबद्दल आहे. हाताशी असलेल्या प्रतींत तिथे ‘संजदासंजद’ (अंशतः संयमी) या पायरीवर यादी संपत होती. टीकेतली चर्चा पाहता पुढे ‘संजद’ (संयत, पूर्ण संयमी) हा शब्द असायला हवा, अशी तळटीप संपादकांनी दिली. ‘संजदासंजद’नंतर लगेच ‘संजद’ आला की नकलकाराची नजर चुकणे सोपे. पण पूर्ण संयम ही मोक्षाच्या वाटेवरची पायरी, आणि दिगंबर मत स्त्रीदेहाने मोक्ष मानत नाही, त्यामुळे हा शब्द अनेकांना भलताच खटकला. मूडबिद्रीचे ताडपत्र उघडून पाहिले, तर शब्द तिथे होता.

त्यानंतर वाद उरला तो अर्थाचा. मनुषिणी म्हणजे शरीराने स्त्री, की ‘भावस्त्री’, म्हणजे देह पुरुषाचा पण वेद (कामभाव) स्त्रीचा? संपादकमंडळातल्यांचेही यावर एकमत नव्हते. डॉ. जैन एका बाजूला, बरेच पंडित दुसऱ्या बाजूला, आणि तरी खंड निघत राहिले.

आचार्य शांतिसागर यांनी, ताडपत्रांना कीड लागते या काळजीने, हे सिद्धान्तग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली. ते ताम्रपट फलटणला जपून ठेवलेले आहेत.