पडद्यावरच्या मुंग्या आणि अर्धा मायक्रॉन मळ

व्हीसीआर, म्हणजे कॅसेटवरचं चित्र टीव्हीवर दाखवणारं मशीन, बंद पडला की घरातला कोणीतरी जाणकार हमखास सांगतो, "आयसी उडाला असणार." आयसी बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या मशीनमध्ये आधी जातं ते रबर, मग वंगण, मग कपॅसिटर. चिप्सचा नंबर फार मागे लागतो. व्हीसीआरला आपण इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणतो खरं, पण त्यातलं चित्र उभं राहतं ते यांत्रिक अचूकतेवर. जुनं मशीन दुरुस्त करायचं म्हणजे मुख्यतः ती हरवलेली अचूकता परत आणायची.

मुंबईत हे काम अजून निघतं ते कॅसेटींमुळे. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून व्हीसीआर येऊ लागले आणि चाळीत वर्गणी काढून, भाड्यानं मशीन आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघायची पद्धत पडली. ते पिक्चर आज फोनवर मिळतात. पण पुढच्या दीड-दोन दशकांत लग्नं, मुंजी, बारशी, आजोबांची पंचाहत्तरी हे सगळं व्हीएचएस नावाच्या कॅसेटींवर गेलं आणि त्यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, पिशवीत मशीन घालून येणारं गिऱ्हाईक अधूनमधून दिसतं.

हे मशीन नेमकं करतं काय, ते कळलं की बिघाड आपोआप कळतात. जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली जपानमध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत टेप अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असते. गाण्यांच्या कॅसेटसारखी ती एका जागी बसवलेल्या हेडवरून, म्हणजे टेपवर सिग्नल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून, सरकवली तर चित्र त्यात मावत नाही. आपल्याला ऐकू येणारी कंपनं सेकंदाला फार तर वीस हजार, चित्राच्या सिग्नलमधली काही दशलक्ष. ती नोंदवायला हेड आणि टेप यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग सेकंदाला जवळपास पाच मीटर हवा. या वेगानं टेप पळवली तर तीन तासांच्या सिनेमाला सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत पोचेल एवढी टेप लागेल.

यावरचा तोडगा असा, की टेप सावकाश चालवायची आणि हेडच फिरवायचं. आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर एवढीच सरकते. पण ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या चकचकीत ड्रमला अर्धा वेढा घालून जाते आणि ड्रमचा वरचा भाग मिनिटाला १५०० फेरे घेत असतो. त्यावर समोरासमोर दोन हेड बसवलेली. ड्रम सुमारे सहा अंशांनी कललेला असल्यामुळे प्रत्येक हेड टेपवर एक तिरकी रेघ ओढतं. रेघ साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि तिच्यात चित्राची अर्धी फ्रेम. अशा सेकंदाला पन्नास रेघा. एक रेघ पुरी होईपर्यंत टेप पुढे सरकते अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि कलत्या कोनामुळे रेघेची रुंदी येते अवघी ४९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मध्ये मोकळी जागा नाही, रेघेला रेघ चिकटून. शेजारच्या रेघेतलं चित्र मिसळू नये म्हणून दोन्ही हेडच्या टोकावरच्या, सिग्नल लिहिणाऱ्या बारीक फटी सहा-सहा अंशांनी विरुद्ध बाजूंना तिरप्या ठेवलेल्या असतात. एवढी काटकसर केल्यावर तीन तासांची कॅसेट अडीचशे मीटरच्या आसपास टेपमध्ये भागते.

आता मळाचं गणित पाहा. चित्रातल्या लख्ख पांढऱ्या भागासाठी पाल व्हीएचएस ४.८ मेगाहर्ट्झची कंपनं नोंदवतं. सेकंदाला ४.८७ मीटर या वेगाला अशा एका कंपनाची टेपवरची लांबी येते जेमतेम एक मायक्रॉन. हेड आणि टेप यांच्यात अंतर पडलं तर सिग्नल किती घटतो याचं सूत्र १९५१ सालापासून ठाऊक आहे. ५४.६ला अंतरानं गुणायचं, तरंगलांबीनं भागायचं, उत्तर डेसिबलमध्ये. अंतर अर्धा मायक्रॉन धरलं तर २७ डेसिबल, म्हणजे सिग्नल तेविसाव्या हिश्श्यावर येतो. अर्धा मायक्रॉनचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर मात्र मुंग्याच मुंग्या.

म्हणून कुठलाही जुना कारागीर आधी हेड साफ करतो, बाकीचं नंतर. हे काम बघण्यासारखं असतं. शॅमॉय नावाच्या मऊ चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून तो ड्रमच्या कडेला अलगद टेकवतात आणि चामडं स्थिर धरून दुसऱ्या हातानं ड्रम वरून सावकाश फिरवतात. चामडं वरखाली हलवायचं नाही. हेडचं टोक फेराइटचं, ठिसूळ, ड्रमच्या बाहेर आलेलं असतं मायक्रॉनच्या हिशेबात. आडवं पुसलं तर पुसलं जातं, उभं घासलं की तुटतं. कानात घालायच्या कापूसकाड्या इथे वर्ज्य, कारण कापसाचा तंतू हेडला अडकतो. चामड्यावर काळपट-तपकिरी रेघ उमटली की समजायचं, टेपवरच्या चुंबकीय थराचं ऑक्साइड निघालं. पूर्वी घरोघरी करकरीत कोरी नोट हेडला लावायची विद्या चालायची. तिनं कधी कधी मुंग्या जायच्याही, पण कागद हेड घासून खातो.

हेड साफ झालं तरी टेप नीट चालेलच असं नाही. टेपला ओढ देतो तो कॅपस्टन नावाचा बारीक पोलादी दांडा आणि त्यावर टेप दाबून धरणारा रबरी पिंच रोलर. रबर म्हणजे लांब साखळ्यांचं जाळं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वर्षानुवर्षं त्या साखळ्यांत नवे सांधे जोडतात, काही तोडतात. रबर कडक होतं, वर चकाकी येते, पकड जाते. मग टेप एका कडेला सरकते, दुमडते आणि शेवटी 'मशीननं कॅसेट खाल्ली' म्हणतात ते घडतं. रोलरला वरवर बारीक सँडपेपर मारून चार दिवस ढकलता येतात. मला तो इलाज पटत नाही. रोलरचा गोलपणा गेला की आवाजात हेलकावे येतात आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात.

काही पट्टे पॉलियुरेथेनचे असतात, त्यांची तऱ्हा उलटी. हवेतल्या पाण्यानं त्यांचे रासायनिक बंध तुटतात आणि पट्ट्याचा काळा चिकट गोळा होतो. हाताला लागला तर साबणानं निघत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "काका, नवीन पट्टा टाकला की झालं ना?" काका आधी तासभर पुलीच्या खाचेतला चिकटा अल्कोहोलनं खरवडतात, कारण त्यावर नवा पट्टा बसवला तर तो घसरतोच. जुन्या मशीनमध्ये दोन रिळांच्या मध्ये झुलणारा आयडलर असतो, त्याचं रबरी टायर असंच कडक होतं. कॅपस्टन टेप पुढे ढकलत राहतो, रीळ ती गुंडाळत नाही, टेपचा लोंबता फास होतो आणि रीळ फिरत नाही हे सेन्सरला कळल्यावर मशीन स्वतःहून थांबतं. हे सगळं वीस रुपयांच्या वळ्यापायी होतं, आणि लोक बोर्ड बदलायला निघतात.

मोड स्विच हा आणखी एक छुपा रुस्तुम. कॅसेट आत आली, टेप ड्रमला लपेटली गेली, आता प्ले, आता मागे, अशी यंत्रणेची प्रत्येक अवस्था मायक्रोप्रोसेसरला कळवणारा हा छोटा स्विच. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत त्याच्या पातळ पट्ट्यांवर काळपटपणा येतो. मशीन कॅसेट घेतं, विचार करतं, बाहेर फेकतं. स्विच उघडून साफ केला की शहाण्यासारखं वागू लागतं. वाळून मेणासारख्या झालेल्या ग्रीसचाही असाच घोळ असतो. ते पूर्ण काढून प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस काडीच्या टोकानं लावतात. वरून स्प्रेचं तेल मारणाऱ्यानं मात्र आपलं मशीन दुसऱ्या कुणाला तरी आधीच दाखवून ठेवावं, कारण ते तेल पसरत रबरापर्यंत जातंच.

वीज द्यायची वेळ आली की जुन्या पद्धतीचा कारागीर मशीन थेट प्लगला लावत नाही. आधी शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे इथले नेहमीचे संशयित. अ‍ॅल्युमिनियमच्या गुंडाळीत भिजलेला कागद, आणि ती ओल हळूहळू उडून जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून गरम हीटसिंकला खेटून बसलेला कपॅसिटर आधी बदलावा. काही मशीनमधले बारीक कपॅसिटर गळतात आणि तो द्रव बोर्डावरची तांब्याची रेघ खातो. मग सोल्डरिंगचं काम नाजूक होतं.

पावसाळ्याचं प्रकरण स्वतंत्र आहे. ड्रमजवळ एक ड्यू सेन्सर बसवलेला असतो. ड्रमवर बाष्प साचलं तर ओली टेप गुळगुळीत धातूला चिकटून हेड आणि टेप दोन्हींची वाट लागते, म्हणून सेन्सर मशीन चालूच होऊ देत नाही. जुलैत एसीच्या खोलीतून थंड झालेलं मशीन बाहेरच्या खोलीत आणलं तर असं हमखास होतं. ते बिघडलेलं नसतं. दोन-तीन तास तसंच ठेवलं की चालतं. बुरशी मात्र अशी सोडत नाही. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. एका कॅसेटची बुरशी हेडला बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी मोकळ्या हवेत, मास्क लावून, मशीनबाहेर साफ करावी लागते.

कव्हर काढून मशीन तपासताना नवशिक्यांना चकवणारी एक गंमत सांगतो. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा जोडलेला असतो. कॅसेटच्या मधल्या भोकात शिरणाऱ्या खांबातून इन्फ्रारेड प्रकाश निघतो, आणि तो पारदर्शक तुकड्यातून बाजूच्या सेन्सरवर पडला की मशीनला कळतं, टेप संपली. कव्हर नसताना खिडकीतलं ऊन किंवा टेबलावरचा पिवळा बल्ब हेच काम करतो. कॅसेट मध्यावर असली तरी मशीन 'संपली' समजून अडून बसतं. पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरला की बिघाड गायब.

यानंतरची पायरी सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची, आणि खरा कारागीर इथे ओळखू येतो. हेडकडून येणारा सिग्नल स्कोपवर एका पट्ट्यासारखा दिसतो. तो डावीकडून उजवीकडे सारख्या उंचीचा हवा. एका टोकाला खचला असेल तर टेप ड्रमवर चढताना किंवा उतरताना वाट सोडते आहे आणि त्या बाजूच्या गाइड रोलरची उंची किंचित बदलायला हवी. त्याच्या स्क्रूच्या फेऱ्याचा एक बारीक अंशसुद्धा ४९ मायक्रॉनच्या रेघेला पुष्कळ होतो. स्कोप नसताना हे स्क्रू पिळणाऱ्यांनी पुढच्यांची फार कामं वाढवली आहेत. वयानं बिघडलेलं मशीन सरळ असतं, हातानं बिघडवलेलं डोकं खातं.

एवढं करूनही हेडच झिजलेलं असेल तर इलाज एकच, दुसऱ्या मशीनचा ड्रम. नवा मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई; सुटे भाग मिळेनात म्हणून तिनं जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे चोर बाजारातल्या भंगारातून आलेलं, बाहेरून मेलेलं मशीन कारागिराला आतल्या ड्रमसाठी आणि पिंच रोलरसाठी मोलाचं. माझं मत विचाराल तर दुरुस्त मशीन शोकेसमध्ये मिरवण्यात अर्थ नाही. ते नीट चालतंय तोवर कॅसेटी डिजिटल करून घ्याव्यात.

तिथेही थोडी समज हवी. टेप किंचित ताणली-सैलावली की चित्राच्या ओळी वेळेच्या मागेपुढे सुरू होतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ते चालवून घ्यायचा, संगणकाचं कॅप्चर कार्ड घेत नाही. फ्रेम गळतात, आवाज चित्राच्या पुढे धावतो. त्यासाठी मध्ये टाइम बेस करेक्टर लागतो, जो प्रत्येक ओळ साठवून ठरल्या ठोक्याला पुढे सोडतो. अलीकडे हेडचा कच्चा सिग्नलच साठवून तो सॉफ्टवेअरनं उलगडणारा व्हीएचएस-डीकोड नावाचा मुक्त प्रकल्पही हौशी मंडळी वापरतात. आणि डिजिटल प्रतीच्या तळाशी वेड्यावाकड्या दोन-चार ओळी दिसल्या तर दुकानदाराशी भांडू नका. एक हेड थांबून दुसरं सुरू होतं ती ही जागा. ती पूर्वीही होती, टीव्हीच्या चौकटीखाली झाकलेली असायची.

मशीन दुरुस्त होऊन आलं की पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लावून पाहावी, शेवटपर्यंत चालवून, मागे घेऊन. लग्नाची कॅसेट त्यानंतर. ती लावण्याआधी तिच्या पाठच्या कडेवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा अजून शाबूत आहे का बघा. असेल तर स्क्रूड्रायव्हरनं तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मशीन त्या कॅसेटवर काही लिहिणार नाही.